प्रायमरला ‘अस्तर’ म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे: दातांच्या दवाखान्यासाठी मराठी माहितीपत्रक करायचं आहे. दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट भरण्याआधी डेंटिनवर, म्हणजे दाताच्या वरच्या कवचाखालच्या भागावर, ‘प्रायमर’ आणि ‘बाँडिंग एजंट’ लावतात, त्यांना ‘अस्तर’ आणि ‘गोंद’ म्हटलं तर चालेल का?

‘अस्तर’ नको. कोटाचं असो की पेटीचं, अस्तर आपलं वेगळेपण राखून मध्ये बसतं. उसवून काढताही येतं. शिवाय कीड खोल गेली असेल तर नसेजवळ कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा पातळ थर देतात. अस्तर शोभतं ते त्याला. प्रायमर वेगळा राहतच नाही, म्हणून तो शब्द त्याला बसत नाही.

एनॅमलचं, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण कवचाचं, प्रकरण सोपं असतं. वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज; आम्लाने खरखरीत करून कोरडं केलं की रेझिन, म्हणजे कॉम्पोझिट आणि बाँडिंगमधला राळेसारखा पदार्थ, धरतं. मायकेल बुओनोकोर यांनी हे १९५५ मध्येच दाखवलं होतं. डेंटिनमध्ये मात्र खनिज ७० टक्क्यांच्या आसपास, बाकी कोलॅजेन हे तंतुमय प्रथिन आणि पाणी. त्यात बारीक नलिकांतून आतला द्रव झिरपत असतो, आणि रेझिनचं पाण्याशी जमत नाही.

म्हणून आधी साधारण ३७ टक्क्यांचं फॉस्फोरिक आम्ल १५ सेकंद ठेवून धुतात. कोरताना बसलेला भुगा जातो, वरचं थोडं खनिज विरघळतं आणि कोलॅजेनच्या तंतूंची जाळी उघडी पडते. हवा मारून ती फार सुकवली तर तंतू एकमेकांवर बसतात आणि आत शिरायला वाटच उरत नाही. म्हणून पृष्ठभाग किंचित ओलसर ठेवायचा. मग प्रायमर. त्यातल्या ‘हेमा’सारख्या रेणूंचं पाण्याशीही जमतं आणि रेझिनशीही. सोबतचं ॲसिटोन किंवा अल्कोहोल पाणी घेऊन उडून जातं, रेणू जाळीत राहतात. या क्रियेला मराठीत आयतं क्रियापद आहे: मुरणं. नाकाबायाशी या जपानी संशोधकाने १९८२ मध्ये या भागाला ‘संकरित थर’ म्हटलं, कारण तिथे दात कुठे संपतो आणि रेझिन कुठे सुरू होतं ते सांगता येत नाही.

गंमत म्हणजे नाव ‘प्रायमर’, म्हणजे ‘आधी लावायचं ते’, पण आम्ल वेगळं लावायच्या पद्धतीत याचा नंबर दुसरा. आम्लधर्मी प्रायमर वापरला तरच तो खरा पहिला.

‘गोंद’ही टाळा. गोंद वाळून धरतो आणि ओला झाला की सुटतो. बाँडिंग वाळत नाही, निळ्या प्रकाशात घट्ट होतं. ‘लाइट मारला’ म्हणतात ते हेच. कुणी ‘जोडराळ’ सुचवेल, पण डॉक्टर आणि पेशंट दोघंही ‘बाँडिंग’च म्हणतात, तेच ठेवा. आता तर पुष्कळदा दोन्ही एकाच बाटलीत येतात.

पत्रकात इतकं पुरे: ‘प्रायमर दाताच्या आतल्या भागात मुरतो, त्यावर बाँडिंग लावून लाइटने घट्ट करतात आणि मग कॉम्पोझिट भरतात.’ चांदी भरताना यातलं काही लागायचं नाही. खड्डाच तोंडाशी अरुंद नि आत रुंद कोरायचा, की ती अडकून राहायची. आणि कॉम्पोझिटला लोक ‘सिमेंट’ म्हणतात, ते पत्रकात नको. कॅप बसवायचं सिमेंट वेगळं असतं, पुढच्या पानावर त्याचा उल्लेख आला की घोटाळा होईल.