बँकेतून संग्रहालयाच्या प्रमुखपदापर्यंत जाता येतं का?

तुम्ही विचारलंय की बरीच वर्षं बँकेत काढल्यावर, इतिहासाची पदवी नसताना, एखाद्या संग्रहालयाचं किंवा सांस्कृतिक ट्रस्टचं प्रमुखपद मिळू शकतं का. मिळू शकतं. मी मुंबईत एका संग्रहालयाच्या देणग्या आणि हिशेब सांभाळते, तेव्हा तिजोरीच्या बाजूनेच सांगते.

भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय घ्या. १८७२ साली सुरू झालेलं, महापालिकेच्या मालकीचं, पण पुढे इमारतीची पार रया गेली. वारसा जपणाऱ्या इंटॅक या संस्थेतर्फे तस्नीम झकारिया मेहता त्यामागे लागल्या आणि २००३ मध्ये महापालिका, इंटॅक व जमनालाल बजाज फाउंडेशन यांचा त्रिपक्षीय करार झाला. २००५ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार, २००८ मध्ये दारं पुन्हा उघडली. नंतर बरीच वर्षं मेहता तिथल्या मानद संचालक होत्या. लोक तिथल्या सोनेरी नक्षीचे फोटो काढतात, मला कौतुक त्या कराराचं. महापालिका, उद्योगपती आणि वारसावाले एका कागदावर सही करतात हे सोपं वाटत असेल, तर एकदा फाइल फिरवून बघा.

पैशाचं गणित तुम्हाला लवकर कळेल. कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात वारसा आणि कला येतात, म्हणून सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामासाठी द्यायचा पैसा, मिळतो. पण तो नव्या दालनाला मिळतो. कोठाराचा एसी रात्रभर चालतो, त्याचं बिल भरून आपल्या नावाची पाटी लावा असं कोणी म्हणत नाही. एका कंपनीला तर भिंतीवर स्वतःचं नाव प्रदर्शनाच्या नावापेक्षा मोठं हवं होतं. अशा वेळी गोड बोलून नाही म्हणणं हेच संचालकाचं काम. शिवाय ट्रस्टांवर देखरेख ठेवणारं धर्मादाय आयुक्तालय आहेच: विश्वस्त बदलला की त्याची नोंद करणारा चेंज रिपोर्ट, जागा विकायची तर पूर्वपरवानगी.

वस्तूंचं ज्ञान मात्र उसनं चालत नाही. परदेशातून उसनी मूर्ती आली की पेटी लगेच उघडत नाहीत, इथल्या हवेशी जुळवून घ्यायला साधारण चोवीस तास तशीच ठेवतात. मग दोन्हीकडची माणसं समोरासमोर बसून प्रत्येक चरा, प्रत्येक टवका स्थिती-अहवालात नोंदवतात. उद्घाटनाला मंत्री येणार म्हणून घाई करा, असं म्हणणारा प्रमुख कर्मचाऱ्यांच्या मनातून कायमचा उतरतो. लघुचित्रांवर पन्नास लक्सपेक्षा (लक्स हे उजेडाचं माप) जास्त उजेड का नको, तर रंग उडतात, हेही तुम्हाला ठाऊक हवं, कारण दालन अंधारं आहे ही तक्रार तुमच्याकडेच येणार.

त्यासाठी छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाच्या संग्रहालयशास्त्रातल्या पदव्युत्तर पदविकेची चौकशी करा. पूर्णवेळ शिकायचं असेल तर बडोद्याचा संग्रहालयशास्त्र विभाग १९५२ पासूनचा आहे.

नोकरी मात्र आत्ताच सोडू नका. पगार निम्म्यावर येऊ शकतो, घरी आधी बोलून घ्या. तोवर तुमच्या भागातल्या एखाद्या जुन्या वाचनालयाचे किंवा नाट्यसंस्थेचे खजिनदार व्हा. त्या पदाला माणूस मिळत नाही, तुम्हाला हसत घेतील. वार्षिक सभेत ताळेबंदावरून एखादे आजोबा तासभर उलटतपासणी घेतील, आणि पुढे विश्वस्त मंडळासमोर मुलाखतीला बसाल तेव्हा प्रश्न बहुतेक तेच असतील.