'का-चिंग' म्हणजे काय आणि ते कुठे वापरायचं?

कोल्हापुरी चपलांची मोठी ऑर्डर पक्की झाल्याचं तुम्ही कळवलंत आणि मित्राने नुसतं 'का-चिंग!' लिहून पाठवलं, त्याचा अर्थ तुम्ही विचारलाय. त्याने अभिनंदन केलंय: पैसे आले!

हा जुन्या कॅश रजिस्टरचा आवाज. रक्कम टाकली की खटका बसायचा, घंटी वाजायची आणि गल्ल्याचा खण पुढे यायचा. अमेरिकेत ओहायोतल्या डेटन इथे जेम्स रिटी यांनी १८७९ मध्ये पहिलं कॅश रजिस्टर बनवलं. नोकराने विक्रीचे पैसे परस्पर खिशात घालू नयेत, हा त्यामागचा हेतू. घंटीमुळे मालक दुकानात कुठेही असला तरी विक्री झाल्याचं त्याला ऐकू यायचं. ती यंत्रं गेली, आवाज भाषेत राहिला. अमेरिकेत 'चा-चिंग', ब्रिटनमध्ये 'कर-चिंग' असंही म्हणतात.

बोनस जमा झाला, माल खपला, भिशी लागली की मित्रांत बिनधास्त वापरा. गिऱ्हाइकाला किंवा बँकेला पाठवायच्या मेलमध्ये मात्र अजिबात नको, फार उथळ दिसतं. आणि सूर ओळखा: 'डॉक्टरांनी आणखी एक टेस्ट लिहून दिली, का-चिंग!' इथे आनंद नाही, समोरचा पैसे उकळतोय असा टोमणा आहे.

आपल्याकडे कोल्हापुरात गुजरीच्या सराफ बाजारापासून मार्केट यार्डापर्यंत याच जागी 'चांदी झाली की भावा!' म्हणतात. मित्राला तेच म्हणायचं होतं.