पिस्टन बसला, पण जुळला का?

प्रश्न : नमस्कार दादा, माझ्याकडे जुनी चार सिलिंडरची पेट्रोल गाडी आहे, घरीच शेडमध्ये इंजिन उतरवून काम काढलंय. पिस्टन गेलेले निघाले म्हणून त्याच मॉडेलचा नवीन सेट मागवला. बोअर ७४ मिमी, जुन्याचंही तेवढंच, हातात घेतले तर दोन्ही अगदी सारखे दिसतात. पण एक पिस्टन घालून क्रँक फिरवला तर पूर्ण वर आल्यावरही तो ब्लॉकच्या कडेपासून दीड मिमी खालीच राहतोय, जुने मात्र कडेबरोबर यायचे. दुकानदार म्हणतो, "बसतोय ना, मग चालतं हो." हेड चढवू का? आणि अजून बेअरिंग, गॅस्केट, टायमिंग बेल्ट सगळंच घ्यायचंय, ते घेताना काय बघू? — एक वाचक

उत्तर : हेड चढवू नका. आणि आधी क्रँक फिरवून बघितलंत हे फार चांगलं केलंत, बरेच जण तिथंच घाई करतात आणि मग सगळं परत खोलायची वेळ येते.

पिस्टनचं बाहेरचं माप सगळेच बघतात, पण अजून एक माप असतं, पिनच्या मध्यापासून पिस्टनच्या माथ्यापर्यंतची उंची, तिला कॉम्प्रेशन हाइट म्हणतात. निम्मा स्ट्रोक, अधिक कनेक्टिंग रॉडची लांबी, अधिक ही उंची, या तिघांच्या बेरजेवर पिस्टन किती वर येणार ते ठरतं. तुमचा क्रँक तोच, रॉड तोच, म्हणजे दीड मिमीचा फरक पिस्टनमधलाच आहे. दीड मिमी म्हणजे काय मोठंसं असं वाटेल, पण हिशोब करून बघा. ७४ च्या बोअरचं क्षेत्रफळ साधारण ४३ चौरस सेंमी, त्यावर दीड मिमी म्हणजे जवळपास साडेसहा सीसी जागा वाढली. स्ट्रोक ७५.५ धरला तर एक सिलिंडर ३२५ सीसीच्या आसपास, आणि मूळ कॉम्प्रेशनचं गुणोत्तर (पिस्टन खाली असतानाची जागा भागिले वर असतानाची) साडेनऊ असेल तर ते थेट सव्वाआठच्या जवळ येतं. इंजिन चालू होईल, नाही असं नाही, पण ओढ जाईल, पेट्रोल जास्त खाईल आणि तुम्ही महिनाभर कार्ब्युरेटर नाहीतर टायमिंग फिरवत बसाल. उलट झालं असतं, म्हणजे पिस्टन उंच निघाला असता, तर तो व्हॉल्व्हला नाहीतर हेडलाच धडकला असता.

परत करायच्या आधी जुना आणि नवीन पिस्टन शेजारी ठेवून चार गोष्टी मापून लिहून घ्या. पिनचा व्यास, ही उंची, रिंगांच्या खाचांची जाडी, आणि माथ्यावरचा खड्डा किंवा व्हॉल्व्हसाठीच्या खाचा. पुढचा सेट याच चार मापांवर मागवा. आणि हो, सिलिंडर झिजलेला असेल तर आधी बोअर मापून घ्या मगच पिस्टन घ्या, कारण बोअर मारावा लागला, म्हणजे सिलिंडर कापून मोठा करावा लागला, तर ०.२५ किंवा ०.५० मिमी मोठा, म्हणजे ओव्हरसाइज पिस्टन लागेल आणि स्टँडर्डचा सेट पडून राहील.

"त्याच मॉडेलचे" इथेच तुमची गडबड झाली असणार असं मला वाटतं. गाडीचं नाव तेच ठेवून मध्येच इंजिन बदललेलं असतं, कधी एकाच वर्षात दोन प्रकारची इंजिनं असतात. म्हणून शोध गाडीच्या नावानं नाही, ब्लॉकवर ठोकलेल्या इंजिन नंबरानं सुरू करा, सोबत १७ अक्षरांचा चेसिस नंबर ठेवा (त्यात आय, ओ, क्यू ही अक्षरं नसतातच, तसं काही वाचलं असेल तर तो एक किंवा शून्य आहे). गाडी जुनी असेल तर इंजिन आधीच कुणीतरी बदललेलं असू शकतं, तिथे इंजिन नंबरच खरा. त्यावरून पार्ट नंबर काढा. जुना नंबर बंद होऊन नवा आलेला असतो, तेव्हा "हा मिळत नाही" ऐकून सोडून देऊ नका, त्याच्या जागी कोणता आला ते विचारा. फक्त ओतकामात उमटलेला मोठा नंबर पार्ट नंबर समजून चालू नका, तो साच्याचा असतो. एकाच साच्यातल्या दोन वस्तू पुढे मशीनवर वेगवेगळ्या कापल्या जातात.

बेअरिंगचं म्हणाल तर क्रँक मायक्रोमीटरनं मापल्याशिवाय घेऊच नका. जुन्या शेलच्या (बेअरिंगच्या अर्ध्या वाटीच्या) पाठीवर एसटीडी, म्हणजे मूळ माप, किंवा ०.२५ असं काहीतरी छापलेलं असतं, क्रँक आधी कुणी घासलाय का ते त्यावरून कळतं. टायमिंग बेल्टचे दात मोजा, रुंदी बघा आणि दाताचा आकारही बघा, गोल दाताच्या पुलीवर चौकोनी दाताचा बेल्ट चढतो आणि तो लवकर मरतो. हेड गॅस्केट नुसतं जुन्यावर ठेवून बघू नका, ब्लॉकवर ठेवा, पाण्याची आणि ऑइलची भोकं एकेक करून बघा, आणि आतली लोखंडी कडा बोअरमध्ये डोकावत नाही ना ते बोट फिरवून तपासा.

आट्यांबद्दल जरा जास्त सांगतो कारण ते माझ्यावर बेतलंय. ऑइल फिल्टरचे दोन आटे फार सारखे दिसतात, एक २० मिमीचा दीड पिचचा (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, मिमीमध्ये) आणि दुसरा पाऊण इंचाचा, इंचाला १६ आटे. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिमी आणि त्याचं पिच जवळजवळ १.५९, म्हणजे २० चा फिल्टर त्या स्टडवर आरामात फिरतो. माझा फिरला. रबर टेकेपर्यंत गेला, हातानं घट्टही झाला, इंजिन दहा मिनिटं छान चाललं आणि मग रेस दिल्यावर फिल्टर स्टडवरून सुटला, सगळं ऑइल जमिनीवर. इंजिन लगेच बंद केलं म्हणून बेअरिंग वाचले. रबर लावायच्या आधी फिल्टर दोन-तीन आटे फिरवून हलवून बघितला असता तर तो डगडगतोय हे तिथेच कळलं असतं. तेव्हापासून पिच गेज माझ्या पेटीत सगळ्यात वर असतो. दहाच्या बोल्टचंही तसंच, १.२५ आणि १.५ दोन्ही पिच मिळतात, पानाही एकच लागू शकतो, आणि चुकीचा बोल्ट जोर लावून घातला की ॲल्युमिनियमचे आटे निघून हातात येतात.

प्रश्न : हेडला क्रॅक गेलाय. भंगारातून त्याच इंजिनचं हेड मिळतंय, स्वस्तात आहे. घेऊ का? दिसायला चांगलं आहे. कॅमच्या टोप्या (व्हॉल्व्ह उघडणारा कॅमचा दांडा हेडवर धरून ठेवतात त्या) त्याला नाहीत, पण माझ्या जुन्या हेडच्या आहेत. — एक वाचक

उत्तर : ताई किंवा दादा जे असाल ते, टोप्या नसतील तर सोडून द्या. टोप्या हेडवर बसवूनच कॅमची भोकं एकत्र कापतात, त्यामुळे त्या त्याच हेडच्या लागतात, तुमच्या जुन्या चढवल्या तर बोल्ट कसल्यावर कॅम जाम होईल किंवा सैल राहील आणि ऑइलचं प्रेशर जाईल.

टोप्यांसकट दुसरं मिळालं तर सरळ पट्टी आणि फिलर गेज घेऊन जा. पट्टी लांबीत, आडवी आणि दोन्ही कर्णांवर ठेवा, तुमच्या मॅन्युअलमध्ये किती वाक चालतो ते आधी बघून जा, बऱ्याच इंजिनांना ०.०५ मिमीच्या आसपास असतो. हेडची उंचीही मापा. आधीच दोनदा फेसिंग झालेलं, म्हणजे तळ कापून सपाट केलेलं, हेड पातळ असतं, कॉम्प्रेशन वाढतं, आणि कॅम हेडमध्ये असेल तर तो क्रँकच्या जवळ आल्यानं टायमिंग थोडं मागे सरकतं. घेतलंच तर चढवायच्या आधी प्रेशर टेस्ट करून घ्या, बारीक क्रॅक डोळ्याला दिसत नाहीत.

प्रश्न : एनजीके कंपनीचा ६ नंबरचा स्पार्क प्लग होता, मिळाला नाही म्हणून बॉशचा ६ नंबरचा घेतला. चालेल ना? — एक वाचक

उत्तर : नंबर सारखा म्हणून प्लग सारखा असं नाही. हा आकडा प्लग आपली उष्णता किती लवकर सोडतो ते सांगतो, लवकर सोडणारा तो थंड, उशिरा सोडणारा तो गरम. एनजीकेमध्ये आकडा मोठा तितका प्लग थंड, बॉशमध्ये आकडा मोठा तितका गरम, दोन्हींच्या मोजपट्ट्या उलट्या आहेत. त्यामुळे कंपनीच्या तक्त्यात तुमच्या प्लगसमोर कोणता दिलाय तोच घ्या. शिवाय १४ मिमीच्या प्लगमध्ये आट्याची लांबी १९ मिमी असते तशी १२.७ पण असते. आखूड हेडमध्ये लांब प्लग घातला तर तो आत डोकावतो, पिस्टनलाही लागू शकतो. जुना प्लग अजून टाकला नसेल तर वायसर बसतो तिथून आटे संपतात तिथपर्यंत व्हर्नियर लावा, आणि नव्याचंही तेवढंच माप आलं तरच हातानं फिरवून बसवा.