सिल्व्हरॅडो पिकअपमध्ये मोठा कॅम (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट) बसवलाय, टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स यांमधला तेलाचा जोड) किती स्टॉलचा घेऊ?

स्टॉल म्हणजे गाडी जागीच असताना कन्व्हर्टर इंजिनाला जास्तीत जास्त जेवढं फिरू देतो तो आरपीएम. ५.३ लिटर इंजिनात २२० अंशांच्या पुढच्या ड्युरेशनचा (व्हॉल्व्ह किती अंश उघडा राहतो, ०.०५० इंच लिफ्टला मोजून) कॅम असेल, तर २८०० ते ३२०० आरपीएम स्टॉलचा घ्या. कंपनीचा मूळ कन्व्हर्टर खूपच कमी आरपीएमला स्टॉल होतो आणि मोठ्या कॅमला तिथे दमच नसतो. म्हणूनच सिग्नलला ड्राइव्हमध्ये ब्रेक दाबून उभं राहिलं की गाडी पुढे रेटते, आरपीएम पडतो, कधी बंदही पडते.

नुसता आकडा बघून मागवू नका. कॅम कार्ड (कॅमसोबत येणारा त्याच्या मापांचा कागद), गाडीचं वजन, डिफरन्शियलचा रेशो कन्व्हर्टर बनवणाऱ्याला कळवा. जास्त टॉर्कच्या इंजिनामागे तोच कन्व्हर्टर वरच्या आरपीएमला स्टॉल होतो.

जड ट्रेलर ओढणार? मग मी कॅमच छोटा घेईन. जास्त स्टॉलचा कन्व्हर्टर ओझ्याखाली जास्त स्लिप होतो, म्हणजे घसरतो, आणि त्या स्लिपची सगळी उष्णता गिअरबॉक्सच्या तेलात जाते. मोठा ऑइल कूलर तर लावाच, आणि लॉकअप (स्लिप बंद करणारा कन्व्हर्टरमधला क्लच) काढू नका.