ब्रुनेल्लो आंबट-तुरट लागली म्हणजे खराब निघाली का?

आपल्या जावयांनी इटलीहून आणलेली ‘बिओन्दी-सान्ती’ या वाइन करणाऱ्या घराण्याची २०१६ची ब्रुनेल्लो दी मोन्ताल्चीनो ही लाल वाइन आपण जेवायला बसताना उघडली. रंग फिका, चव आंबट आणि जीभ कोरडी करणारी निघाली, तेव्हा एवढे पैसे मोजून फसगत झाली का, असे आपण विचारले आहे. वर्णनावरून मला तरी बाटलीत दोष दिसत नाही. बुचामुळे बिघडलेल्या वाइनला ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास येतो आणि उन्हाने मारलेल्या वाइनला शिजवलेल्या फळाचा; यांपैकी काहीही आपण लिहिलेले नाही. फिका रंग आणि ठसठशीत आंबटपणा हा सांजोवेझे या द्राक्षाचा स्वभावच आहे, आणि या घराण्याने तो कधी झाकायचा प्रयत्न केला नाही.

हे घराणे इटलीच्या तोस्काना प्रांतातील मोन्ताल्चीनो या डोंगरावरच्या गावाजवळ, ‘ग्रेप्पो’ नावाच्या मळ्यावरचे. क्लेमेन्ते सान्ती यांच्या १८६५च्या हंगामातील निवडक लाल वाइनला १८६९ साली मोन्तेपुल्चानोच्या कृषी प्रदर्शनात पदक मिळाले. त्या वाइनच्या नावात ‘ब्रुनेल्लो’ हा शब्द आधीच होता. त्यांच्या मुलीचा विवाह बिओन्दी घराण्यात झाला, आणि तिचा मुलगा फेर्रुच्चो याने दोन्ही आडनावे जोडून घेतली. वयाच्या सतराव्या वर्षी इटलीच्या एकीकरणासाठी लढणाऱ्या गॅरिबाल्दीच्या सैन्यातून लढून आलेल्या या माणसाने खरा हट्ट दाखवला तो बागेत. त्या काळी तोस्कानात लाल द्राक्षांत पांढरी द्राक्षे मिसळून हलकी, लवकर पिता येणारी वाइन करण्याची रीत होती आणि ती खपतही होती. फेर्रुच्चोने मात्र आपल्या बागेतील उत्तम सांजोवेझे वेली हेरल्या, त्यांच्याच काड्यांवरून कलमे बांधली आणि एकट्या त्या द्राक्षाची वाइन करून मोठ्या ओकच्या पिंपांत वर्षानुवर्षे मुरवली. १८८८ची त्याची रिझेर्व्हा (म्हणजे निवडक, अधिक काळ मुरवलेली वाइन) ही आजच्या अर्थाने पहिली ब्रुनेल्लो मानली जाते.

त्याचा मुलगा तान्क्रेदी याने दुसऱ्या महायुद्धात आघाडी जवळ आली तेव्हा जुन्या बाटल्या तळघरात भिंतीआड चिणून टाकल्या, म्हणून त्या वाचल्या. पुढच्या पिढीतील फ्रांको (१९२२–२०१३) यांनी वडिलांची शिस्त जवळजवळ कर्मठपणे सांभाळली: दहा वर्षांखालील वेलींची फळे ब्रुनेल्लोत नाहीत, रिझेर्व्हा फक्त पंचवीस वर्षांपुढच्या वेलींची आणि तीही चांगल्या हंगामातच. बाजाराला गडद, लहान फ्रेंच पिंपांच्या व्हॅनिलाच्या वासाची वाइन हवी होती त्या काळातही ते बधले नाहीत. मला त्यांचा हा हेका काही वेळा जुनाट वाटत असे. पण २००८ साली मोन्ताल्चीनोतील काही उत्पादकांवर दुसरी द्राक्षे मिसळल्याचे आरोप झाले, तेव्हा ब्रुनेल्लो फक्त सांजोवेझेचीच हवी हा नियम सैल करू नये असेच बहुसंख्य उत्पादकांनी ठरवले, आणि फ्रांको तर आधीपासून तेच सांगत होते. २०१६च्या अखेरीस मळ्याची मुख्य मालकी एका फ्रेंच उद्योगसमूहाकडे गेली.

या वाइनच्या आयुष्याचा अंदाज ‘रिकोल्मातुरा’ या घराण्याच्या जुन्या रीतीवरून येतो. अनेक दशकांच्या रिझेर्व्हा बाटल्या मळ्यावर परत आणत, बूच काढून प्रत्येक बाटली चाखत, आणि वाइन शाबूत असेल तरच त्याच वर्षाच्या दुसऱ्या बाटलीतून ती भरून नवे बूच बसवत. तुरटपणा आणि आंबटपणा हाच तिला इतकी वर्षे टिकवणारा सांगाडा आहे. नियमानुसारही ब्रुनेल्लो हंगामानंतरच्या पाचव्या वर्षाच्या १ जानेवारीपूर्वी विकता येत नाही. म्हणजे आपली २०१६ची बाटली या घराण्याच्या हिशेबाने अजून पोरसवदाच आहे.

पुढच्या वेळी बाटली सकाळीच उघडावी, पेलाभर वाइन बाजूला काढावी, म्हणजे आतील वाइनला रुंद पृष्ठभाग मिळतो, आणि संध्याकाळपर्यंत थंड जागी उभी ठेवावी. फ्रांकोंनाही भांड्यात ओतून घुसळण्यापेक्षा ही संथ रीत पसंत होती. पिताना तापमान सोळा-अठरा अंश असावे, कारण आपल्या उन्हाळ्यातल्या खोलीत मद्यार्क नाकात चढतो आणि फळाचा वास दबतो. साठवणीबाबत मी स्वतः पोळलो आहे: एका दुकानाच्या काचेच्या कपाटात दिव्याखाली उभी ठेवलेली बाटली मी स्वस्त म्हणून घेतली आणि ती थेट भाजीच्या रश्श्यात ओतावी लागली. सांजोवेझेची सवय करून घ्यायची असेल, तर अकलूजच्या फ्रातेल्लीची ‘सेत्ते’ चाखून पाहावी. तिच्यात काबर्ने सोव्हिन्यो ही दुसरी लाल द्राक्षे मिसळलेली असल्यामुळे ती अधिक भरदार लागते. तिच्याशी ताडून पाहिले की ग्रेप्पोचा सडपातळपणा अधिक कळतो.

बाटलीत अजून निम्मी वाइन उरली आहे असे आपण लिहिले आहे, तर तिला बूच लावून फ्रीजमध्ये ठेवावी आणि उद्या संध्याकाळी तासभर आधी बाहेर काढावी. सोबत कमी तिखटाचे सुके मटण चालेल. झणझणीत तांबडा रस्सा मात्र नको, तिखटाने तुरटपणा दुप्पट बोचतो. उद्याचा पहिला घोट आजच्यापेक्षा मऊ लागला, तर तसे इथे जरूर कळवावे.