ट्रायलचा कागद आधी घरी न्या

मागच्या अंकात मी सहज एका ओळीत लिहिलं होतं की शहरातल्या एका हॉस्पिटलच्या एथिक्स कमिटीवर (माणसांवरचं संशोधन सुरू व्हायच्या आधी ते तपासून मंजुरी देणारी समिती) मी सहा वर्षं सामान्य सदस्य होते, तर त्या एका ओळीवरच एवढी पत्रं आली की या वेळी दुसरा विषय घेतच नाही. सामान्य सदस्य म्हणजे डॉक्टर नाही, वकील नाही, नुसता शहाणासुरता माणूस. कायद्यानेच अशी जागा ठेवलेली आहे. पेशंटला जो मराठी कागद देतात तो पेशंटसारखा वाचायचा आणि कळलं नाही तर कळलं नाही म्हणायचं, एवढंच माझं काम होतं आणि ते मी जीव लावून केलं. बहुतेक पत्रांत विचारणं एकच आहे, की ट्रायलमध्ये, म्हणजे औषध माणसांवर तपासून बघतात त्या अभ्यासात, जावं का. ते मी कोणालाच सांगू शकत नाही, पण काय विचारून ठरवायचं ते नक्की सांगते.

प्रश्न : बाबा ६१ वर्षांचे आहेत, बारा वर्षांपासून शुगर आहे. मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत डॉक्टर म्हणाले की नवीन गोळीची ट्रायल सुरू आहे, तुम्ही त्यात बसता, नाव घालू का. बाबा तयारच आहेत कारण औषध, तपासण्या सगळं फुकट. आई रडून राहिली, म्हणते माणसावर प्रयोग करतात. काय करावं? (मुलगा, मानेवाडा)

आधी आईला म्हणा की तुमचं चुकलेलं नाही. प्रयोगच आहे तो. उगाच गोड शब्दात झाकून काही फायदा नाही, उलट ज्या कागदावर "हे संशोधन आहे" असं पहिल्याच पानावर सरळ लिहिलेलं नसतं त्या कागदाचा मला जास्त संशय येतो.

पण कोणता प्रयोग आणि किती पुढे आलेला, हे बघायचं असतं. औषध आधी जनावरांवर तपासतात, मग फेज १ मध्ये मोजक्या माणसांवर (बहुतेक वेळा निरोगी माणसांवर), तिथे बघतात की डोस सहन होतो का, मग फेज २ मध्ये तो आजार असलेल्या थोड्या पेशंटवर, आणि फेज ३ मध्ये शेकडो-हजारो लोकांवर, नेहमीच्या औषधाशी तुलना करून. ओपीडीत शुगरच्या पेशंटला विचारतात ती बहुधा फेज ३ किंवा बाजारात आलेल्या औषधाची फेज ४ असते, पण बहुधा म्हणून सोडू नका, डॉक्टरांना विचारा, "सर, ही कितवी फेज?" उत्तर एका शब्दाचं आहे.

दुसरं विचारायचं ते हे, की बाबा ट्रायलमध्ये नाही आले तर त्यांची ट्रीटमेंट काय राहील? कारण बाबांना वाटून राहिलं असेल की नवीन गोळी मिळणार. तसं नसतं. कोणाला नवीन आणि कोणाला जुनं हे कॉम्प्युटर ठरवतो, आणि पुष्कळदा डॉक्टरांनाही माहीत नसतं कोणाच्या डबीत काय आहे. आमच्याकडे एका कागदावर याला "यादृच्छिक पद्धतीने वाटप" असं लिहून आलं होतं. मी मीटिंगमध्ये म्हटलं, साहेब, काटोलचा संत्रेवाला शेतकरी हे वाचून काय समजेल? दोन मीटिंगा त्या एका वाक्यावर गेल्या, मग छापलं, "चिठ्ठी टाकल्यासारखं, तुमच्या वाट्याला कोणतं औषध येईल ते आधी कोणालाच माहीत नसतं." तसंच रक्ताचं. "१० मिली" म्हटलं की माणूस घाबरतो, दोन छोटे चमचे म्हटलं की हातच पुढे करतो.

आणि आईला एक गोष्ट सांगा. पूर्वी टीबी झाला की माणसाला घरातून उचलून सॅनिटोरियममध्ये वर्ष-वर्ष ठेवायचे, मागे घर उघडं पडायचं. १९५६ मध्ये मद्रासला टीबीच्या औषधोपचाराचं केंद्र निघालं, तिथे पेशंटचे दोन गट केले, अर्धे सॅनिटोरियममध्ये आणि अर्धे स्वतःच्या घरी, दाटीवाटीच्या गरीब वस्तीत, औषधं दोघांना तीच. घरी राहिलेले पेशंटही तितकेच बरे झाले, आणि घरच्यांना जास्त लागण झाली असंही दिसलं नाही. १९५९ मध्ये ते छापून आलं. आज आपल्या गल्लीतला टीबीचा माणूस घरी राहून गोळ्या खातो ते त्या पेशंटांनी हो म्हटल्यामुळे. सगळं फक्त औषधकंपनीसाठीच असतं असं नाही, एवढंच मला म्हणायचं आहे.

आता कागद. पेशंट माहितीपत्रक आणि संमतीपत्र, दोन्ही तुम्हाला वाचता येणाऱ्या भाषेत हवेत आणि सही झाली की एक प्रत तुमच्या हातात यायलाच हवी, भारतात २०१९ पासून नवीन औषधं आणि क्लिनिकल ट्रायलचे जे नियम आहेत त्यात ते स्पष्ट आहे. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी ट्रायलशी संबंध नसलेला साक्षीदार बसवावा लागतो. पण माझं म्हणणं त्याच्याही आधीचं आहे : सही करायच्या आधी कागद घरी न्या. दोन दिवस ठेवा, आईला मोठ्याने वाचून दाखवा, जिथे अडखळाल तिथे पेनाने खूण करा आणि त्या खुणा घेऊन परत जा. चांगला डॉक्टर याला कधीच नाही म्हणत नाही.

मी हे एवढं ठासून का सांगते तर आमच्या घरात हे झालेलं आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका हॉस्पिटलमध्ये माझ्या सासऱ्यांना बीपीची गोळी सुरू केली, ते घरी येऊन म्हणाले, "मले फुकटची गोळी भेटली बापा," आम्हीही खूश. सात-आठ महिन्यांनी त्यांची निळी फाईल मी सहज उघडली तर आत इंग्रजीत चार पानं आणि प्रत्येक पानाखाली त्यांची थरथरती मराठी सही. ते चौथी शिकलेले होते. त्यांना काही अपाय झाला नाही, पण आपल्यावर काय चाललं आहे हे त्या माणसाला कोणी पाच मिनिटं बसून सांगितलं नव्हतं. मला कमिटीवर बोलावलं तेव्हा मी विचार करायला वेळसुद्धा मागितला नाही.

राहिलं नुकसानीचं. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार फुकट, आणि इजा ट्रायलमुळेच झाली असं ठरलं तर वर भरपाई, तिचं गणित नियमात दिलेलं आहे, ८ लाखांचा आधार धरून वय आणि आजाराची जोखीम बघून रक्कम निघते. हे तुमच्या कागदावर लिहिलेलं असलंच पाहिजे. नसेल तर सही नाही.

प्रश्न : माझ्या १३ वर्षांच्या मुलीला सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) आहे. हायड्रॉक्सियुरिया सुरू आहे, तरी वर्षातून तीन-चार वेळा दुखणं उठतंच. नवीन औषधाच्या ट्रायलबद्दल विचारलं आहे. कोणी म्हणतं अर्ध्या लेकरांना खोटी गोळी देतात. मग तिचं चालू औषध बंद होईल का? (आई, उमरेड)

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. विदर्भात सिकलसेलचं दुखणं ज्या घरात उठलं आहे त्या घरातल्या रात्रीचं कोणाला काय सांगायचं.

खोटी गोळी म्हणजे प्लासिबो, दिसायला तशीच पण आत औषध नाही. ती देतात हे खरं आहे. पण चालू औषध बंद करून नुसती पोकळ गोळी द्यायची, हे तुमच्या मुलीच्या बाबतीत होता कामा नये, कारण तिच्या आजारावर लागू पडणारं औषध आज आहे. चांगली ट्रायल अशी असते की हायड्रॉक्सियुरिया दोन्ही गटांना चालूच राहतं आणि त्याच्यावर एका गटाला नवीन औषध, दुसऱ्याला पोकळ गोळी. म्हणून सरळ विचारा, "तिचं हायड्रॉक्सियुरिया चालू राहणार का, आणि दुखणं उठलं तर पोकळ गोळीवाल्या लेकराला काय देणार?" उत्तर कागदावर दाखवा म्हणा. उपलब्ध असलेला नेहमीचा उपचार न देता प्लासिबो दिला आणि त्यातून इजा झाली तर आपल्या नियमात तीही ट्रायलचीच इजा धरतात.

हे हायड्रॉक्सियुरिया तरी कुठून आलं? मूळ ते कॅन्सरमध्ये वापरायचं औषध. अमेरिकेत सिकलसेलच्या २९९ मोठ्या पेशंटनी ट्रायलमध्ये भाग घेतला, त्यातल्या जवळपास अर्ध्यांनी महिनोन्महिने पोकळ गोळी खाल्ली, कारण तेव्हा दुखणं टाळायला दुसरं औषध हातात नव्हतंच. १९९५ मध्ये ती ट्रायल ठरल्या मुदतीआधी थांबवली, का तर औषधवाल्यांचं दुखणं उठण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलेलं दिसलं, आणि एवढा फरक दिसल्यावर बाकीच्यांना पोकळ गोळीवर ठेवणं बरोबर नव्हतं. तुमच्या मुलीची रोजची कॅप्सूल त्या अनोळखी लोकांची देणगी आहे असं मला मनापासून वाटतं.

पण दुसरी बाजूही ऐका. व्हॉक्सेलोटर नावाचं सिकलसेलचं औषध २०१९ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, लोकांनी खूप आशा लावली, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीने ते सगळ्या जगातून परत घेतलं कारण पुढच्या अभ्यासांत दुखणं उठण्याचं आणि मृत्यूंचं चित्र चिंतेचं दिसलं. म्हणजे नवीन ते चांगलंच, असं धरून चालू नका. ट्रायल असते ती हेच बघायला.

आणि मुलीला विचारा. खरंच विचारा. १३ वर्षांच्या लेकराची स्वतःची लेखी संमती वेगळी घ्यावी लागते, तुमची सही असली तरी. तिने नाही म्हटलं तर रागावू नका. संमती घेताना कदाचित व्हिडिओ रेकॉर्डिंग करतील, अगदी नवीन औषध असेल आणि पेशंट लहान मूल असेल तर ते करावंच लागतं. कॅमेरा बघून घाबरायचं नाही, तो तुमच्याच बाजूचा आहे. त्या कॅमेऱ्यासमोर सगळे प्रश्न परत एकदा विचारा.

प्रश्न : मुलगा अमेरिकेत एमएस करून राहिला. युनिव्हर्सिटीच्या मेडिकल सेंटरमध्ये बोर्ड लागला आहे, निरोगी माणसं हवीत, पैसे देऊ. तो जाऊ का म्हणतो. माझी झोप उडाली. (वडील, त्रिमूर्तीनगर)

तिकडे असे बोर्ड नेहमीचे असतात, कॉरिडॉरमध्ये, कॅन्टीनमध्ये, बसमध्येसुद्धा. सगळेच काही औषधाचे नसतात. कुठे झोपेचा अभ्यास असतो, कुठे एमआरआय काढतात, कुठे नुसते प्रश्न विचारतात. त्याला विचारा की शरीरात काही टाकणार आहेत का, आणि टाकणार असतील तर ते माणसाला पहिल्यांदाच देऊन राहिले का.

पहिल्यांदाच असेल तर थांबा. २००६ मध्ये लंडनच्या एका हॉस्पिटलमध्ये सहा निरोगी तरुणांना एक नवीन औषध थोड्या-थोड्या मिनिटांच्या अंतराने टोचलं आणि सहाही जण अतिदक्षता विभागात गेले. वाचले सगळे, पण फार सोसलं पोरांनी. त्यानंतर असं नवीन औषध आधी एकाला द्यायचं, वाट बघायची, मग पुढच्याला, हे सगळीकडे रुजलं. मुलाने विचारावं की इथे तसं करतात का.

आणि एक गोष्ट इथल्यापेक्षा तिकडे वेगळी आहे, ती त्याला नक्की कळवा. इजा झाली तर भरपाई द्यायलाच हवी असा कायदा अमेरिकेत देशपातळीवर नाही. किरकोळपेक्षा जास्त जोखमीचा अभ्यास असेल तर भरपाई आणि उपचार मिळणार की नाही एवढं फॉर्मवर लिहावं लागतं, आणि "मिळणार नाही" असंही लिहिलेलं असू शकतं. तो परिच्छेद वाचल्याशिवाय सही करू नको म्हणा. पुष्कळशा औषधांच्या ट्रायलची माहिती क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह या सरकारी साइटवर सापडते, २००० सालापासून आहे ती, तुम्ही इथे बसूनही वाचू शकता.

प्रश्न : एकाने पंधरा हजार मागितले, म्हणे मोठ्या हॉस्पिटलच्या कॅन्सर ट्रायलमध्ये नंबर लावून देतो. द्यावे का? (वाचक, गांधीबाग)

एक रुपया देऊ नका. ट्रायलमध्ये घुसायला पैसे लागत नाहीत, ट्रायलचं औषध आणि ट्रायलसाठीच्या तपासण्या पेशंटला विकत घ्यायच्या नसतात. तुमच्या नडीचा फायदा घेऊन राहिला तो माणूस.

खरी ट्रायल असेल तर तिचा सीटीआरआय नंबर असतो. आपल्या देशातल्या ट्रायलची ही सरकारी नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली, जून २००९ पासून औषधाच्या ट्रायलना तिथे नोंद करणं बंधनकारक आहे, आणि बघायला पैसे लागत नाहीत, लॉगिन लागत नाही. आजाराचं नाव टाका, मग कोणत्या गावात, कोणत्या हॉस्पिटलमध्ये, भरती सुरू आहे की बंद, एथिक्स कमिटीची मंजुरी आहे का, सगळं समोर येतं. पान इंग्रजीत आहे, शेजारच्या कॉलेजच्या पोराला बसवा. त्या माणसाला फक्त नंबर विचारा, बघा काय म्हणतो ते.

प्रश्न : मी ट्रायलमध्ये आहे, तीन व्हिजिट झाल्या. दर वेळी कळमेश्वरहून यायचं, दिवसाची रोजी बुडते. सोडली तर डॉक्टर रागावतील आणि पुढे पाहणार नाहीत असं वाटते. (वाचक, कळमेश्वर)

दादा, सोडायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, कारण सांगायचीही गरज नाही आणि त्यावरून तुमची नेहमीची ट्रीटमेंट कोणी थांबवू शकत नाही. फक्त गोळी मनानेच एकदम बंद करू नका, काही औषधं हळूहळू उतरवावी लागतात, आधी डॉक्टरांना सांगा.

पण सोडायच्या आधी गाडीभाड्याचं आणि बुडालेल्या रोजीचं विचारलं का? ते द्यायची सोय पुष्कळ ट्रायलमध्ये असते आणि पेशंट लाजून मागत नाही. आमच्या कमिटीसमोर एकदा अशीच ट्रायल होती, प्रत्येक व्हिजिटचे पैसे मंजूर होते आणि पावती कशी द्यायची हे कोणी न सांगितल्यामुळे निम्म्या लोकांनी मागितलेच नव्हते. तुमची प्रत काढा, त्यात डॉक्टरांच्या नंबरशिवाय एथिक्स कमिटीचाही नंबर असतो, तो पेशंटसाठीच असतो. फोन उचलणाऱ्याला ट्रायलचं नाव सांगा आणि हेच सांगा जे मला लिहिलं. सकाळी ओपीडीच्या गर्दीत नका करू, दुपारी तीननंतर करा, तेव्हा माणूस निवांत ऐकतो.