दिवाळीसाठी जेवणाच्या टेबलावरच्या मॅट घरीच कशा शिवाव्यात?

तुम्ही विचारलंय की भाऊबीजेला सहाजण जेवायला आहेत, विकतच्या प्लास्टिकच्या मॅटचा कंटाळा आलाय, आणि शिवण सरळ टीप मारण्यापुरतीच येते. तर कापड कोणतं, माप किती आणि सुरुवात कधी करायची?

कापडाच्या आधी मापाचं बोलू, कारण घोटाळा बहुतेक तिथेच होतो. इंटरनेटवर जिथे बघाल तिथे १८ बाय १२ इंच हे माप सापडेल. ते काटा-सुरी ताटलीच्या दोन बाजूंना मांडणाऱ्यांसाठी आहे. आपलं ताटच ११-१२ इंचांचं, वाट्या ताटातच, आणि उजवा हात खरकटा म्हणून पाण्याचं भांडं डावीकडे. तेव्हा ताटाला १२ इंच आणि भांड्याला ३-४ इंच धरून रुंदी १६ ठेवा, उंची १३. पाच बाय तीन फुटांच्या टेबलावर लांब बाजूंना दोन-दोन आणि टोकांना एक-एक माणूस बसतो. लांबीच्या दिशेने दोन मॅटचे ३२ इंच आणि टोकांच्या मॅटचे २६, मिळून ५८ होतात. ६० इंचांत बसतं. रुंदी १८ केलीत तर ६२ होतात आणि कोपरे एकमेकांवर चढतात. समोरासमोरच्या मॅटमध्ये १० इंच मोकळे राहतात, भाजी-आमटीच्या भांड्यांना तेवढे पुरतात. तुमचं टेबल वेगळं असेल तर वर्तमानपत्राचे तुकडे कापून, घरातलं सगळ्यात मोठं ताट ठेवून एकदा मांडून पाहा. मग कात्री लावा.

आता कापड. माझं मत सांगायचं तर नवीन काही आणू नका. कपाटात एखादी जुनी सुती साडी असतेच. इरकल असेल तर उत्तमच. ती धुऊन धुऊन आटायची तेवढी आटलेली असते, रंग जायचा तेवढा गेलेला असतो. नव्या सुती कापडाच्या मॅट पहिल्या धुण्यात आकसतात आणि कडा लाटांसारख्या वाकतात. खणाचा मोह होईल, हल्ली खणाच्या सगळ्याच वस्तू मिळतात. पण बाजारातल्या बऱ्याच खणांत पॉलिस्टर असतं, ते सांडलेली आमटी शोषत नाही, गुळगुळीत टेबलावर सरकतं. खण लावायचाच असेल तर पट्टी म्हणून लावा आणि खालच्या बाजूला मांजरपाट घ्या. पैठणी किंवा कुठलीही रेशमी साडी या कामाला नको. जेवणाच्या टेबलावर हळद आणि तेल आहे, तिथे रेशमाचं काय होणार!

एका साडीत सहा मॅट आरामात निघतात. शिवणीला चारही बाजूंनी अर्धा इंच धरून प्रत्येक तुकडा १७ बाय १४ कापा. वरचे सहा तुकडे असे काढा की साडीचा काठ १४ इंचांच्या बाजूला येईल. नंतर मॅट मांडताना तो काठ डावीकडे ठेवायचा. ताटाखाली नक्षी झाकली जाते, भांड्याच्या बाजूची पट्टी तेवढी दिसते. म्हणून मधोमध भरतकाम करण्यात काही अर्थ नाही. कुणी डावखुरं असेल तर मॅट उलटी फिरवली की झालं. खालचे सहा तुकडे चांगल्या भागातले घ्या. प्रत्येक मॅटच्या आत आणखी दोन थर घालायचे, त्यांना निऱ्यांचा विरलेला भागही चालतो.

शिवताना आधी आतले दोन थर अंथरा, त्यावर खालचं कापड सुलट बाजू वर करून, त्यावर काठाचं कापड सुलट बाजू खाली करून. टाचण्या लावून चारही कडांना टीप मारा, एका बाजूला चार बोटं उघडं ठेवा. कोपऱ्यांचं जादा कापड टिपेच्या जवळून तिरकं कापा (हे केलं नाही तर कोपरे गोळा होऊन बसतात), मॅट उलटवा, तोंड हातशिलाईने बंद करा. मग गोधडीला घालतो तसा धावदोरा. कडेपासून सुरू करून आत आत चौकोन घेत मध्यापर्यंत यायचं, ओळींत बोटभर अंतर. दोरा साडीच्या रंगाहून वेगळा घ्या. टाके थोडे वाकडे झाले तरी बिघडत नाही, माझ्या सासूबाई तर म्हणतात की सरळ टाक्यांची गोधडी मशीनची वाटते. चार सुती थर ताटाला पुरतात, पण गॅसवरून उतरवलेल्या पातेल्याखाली वेगळी चकती ठेवा.

नक्षी हवीच असेल तर काठाच्या बाजूला कुयरी, वेल, पणत्या काढा. स्वस्तिक आणि लक्ष्मीची पावलं मी टाळते. त्यावर खरकटं सांडणं बऱ्याच घरांत ज्येष्ठांना आवडत नाही, आणि सणाच्या दिवशी त्यावरून बोलणी कशाला खायची? घरात मुलं असतील तर खडूने ठिपके मांडून द्या, ते जोडत ती टाके घालतील.

हळदीबद्दल आधीच सांगते. डागाला साबण लागला की तो लालभडक होतो, घाबरू नका. हळदीचा रंग साबणातल्या क्षाराने तसा बदलतो. स्वच्छ खळबळून कडक उन्हात टाका, एक-दोन उन्हांत फिका होतो. चकलीच्या तेलाचा डाग मात्र उन्हाने जात नाही, त्याला त्याच दिवशी भांड्याचा साबण लावून ठेवायचा. काठ जरीचा असेल तर इस्त्री मंद आणि उलट बाजूने. आजकालची जर बहुतेक प्लास्टिकवर चढवलेली असते, ती तापली की आक्रसते.

दसरा ते भाऊबीज साधारण तीन आठवडे मिळतात. त्यात फराळ, साफसफाई, खरेदी धरली तर रोज तासभरच सुटेल, आणि एका मॅटचा धावदोरा दोन-तीन दिवस खातो. म्हणून कापणं आणि मशीनची टीप नवरात्रातच उरका, टाके टीव्हीसमोर बसून होतात. एवढं जमणार नसेल तर सहा मॅटच्या मागे लागू नका. त्याच साडीची १० इंच रुंदीची एक लांब पट्टी शिवून टेबलाच्या मधे घाला, आणि मॅट पाडव्यानंतर निवांत सुरू करा. संक्रांतीला तिळगूळ घ्यायला माणसं येतातच.